बारा मिनिटांचा कॅमेरा

दस्तगीर मिस्त्रींच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. पत्ता ठाऊक होता. सांगलीहून मिरज काही लांब नाही, शहर बसनं अर्धा तास. पत्रात प्रश्नही एकच होता आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं.

ते पत्र कुमुदच्या हाती लागलं ती दुपार मला अजून आठवते. ती माझ्या टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होती आणि तिनं बुटाचा जुना खोका बाहेर ओढला.

"अहो, या खोक्यात काय आहे?"

"कार्डं आहेत."

"कसली?"

चौतीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. पुस्तकांच्या नोंदी संगणकावर गेल्या तेव्हा जुनी तालिका-कार्डं रद्दीत निघाली होती. मला ते बघवेना, म्हणून त्यातली हजार-दीड हजार मी घरी आणली. एक बाजू कोरी, खाली मधोमध दांडी ओवायचं भोक. त्या कोऱ्या बाजूंवर मी वर्षभर एक नवीनच तालिका करत होतो. दर कॅमेऱ्याला एक कार्ड. वजन किती, व्हिडिओ किती वेळ चालतो, बाहेरचा माइक लागतो का, हलत्या वस्तूवर नजर धरून ठेवतो का.

कुमुदनं कार्डं पत्त्यांसारखी पिसली. "त्रेचाळीस! अहो, हे काय कॅमेऱ्यांचं ग्रंथालय काढताय? आणि हे कुठल्या कॅमेऱ्याचं कार्ड?"

तिच्या हातात निळं आंतर्देशीय पत्र होतं. तिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'बेहेरेसाहेबांना दस्तगीर मिस्त्रीचा नमस्कार. तुम्ही काढलेला माझा फोटो दुकानात लावलाय, येणारा जाणारा बघतो. आमचा इक्बाल म्हणतो की तुमच्या कॅमेऱ्यात हलतं चित्रही निघतं, आवाजासकट. तर मी जवारी काढतो ती तुम्ही उतरवून घ्यावी. इक्बालला सांगून सांगून दमलो. तो विचारतो, अब्बा, कुठं थांबायचं? मी म्हणतो, कान सांगेल. त्याचा कान त्याला सांगत नाही. माझे हात चालतात, पण उजव्या कानात काही अडकल्यासारखं वाटतंय. डॉक्टर म्हणतात, अडकलेलं नाही, कान उतरतोय. येता का? हो की नाही एवढं कळवावं. उत्तर पत्रानं द्यावं, फोनवर मला नीट ऐकू येत नाही.'"

तिनं पत्र उलटून तारीख पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही याला काय लिहिलंत?"

"अजून काही नाही."

"अकरा महिने?"

"ठरत नव्हतं."

"काय ठरत नव्हतं? जायचं की नाही ते?"

"कॅमेरा," मी म्हणालो.

मिस्त्री मिरजेत तंबोरे करत. त्यांचे अब्बा करायचे, त्यांचेही अब्बा करायचे. भोपळा कापण्यापासून रंग देण्यापर्यंतची सगळी कामं दुसरा कोणी शिकला असता. पण जवारी काढणं हे शेवटचं काम त्यांच्या घरात त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला ते घोडी म्हणतात. घोडी वरून सपाट दिसते, पण तिला केसाइतका उतार असतो आणि तार त्या उतारावर हलकेच टेकून थरथरते, म्हणून तंबोऱ्याचा आवाज फुलतो; हीच जवारी. तो उतार कानशीनं घासून काढायचा. कानशीचे दोन हात कमी पडले तर आवाज मुका राहतो. दोन जास्त पडले तर घोडी वाया जाते. इक्बालनं पाच घोड्या वाया घालवल्या होत्या आणि पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी धरली होती.

"आणि आपल्याकडे आहे तो कॅमेरा नाही का?" कुमुदनं विचारलं.

"तो पोथ्यांचा आहे."

"म्हणजे?"

"पोथ्यांचे फोटो काढायला घेतला होता. पोथी हलत नाही. आवाज करत नाही. याच्यात व्हिडिओ निघतो, पण बारा मिनिटांनी आपोआप बंद पडतो. समोरचं जरा हललं की सगळं धूसर करतो. दुकानदार म्हणाला, व्हिडिओच करायचा असेल तर अपग्रेड करा. पण दोन महिने थांबा, नवीन मॉडेल येतंय."

"हे कधी म्हणाला?"

"पहिल्यांदा उन्हाळ्यात. मग गणपतीत. मग दिवाळीला."

"आणि तुम्ही दर वेळी थांबलात."

"एवढ्या विश्वासानं कुणी बोलवायचं आणि आपण अर्धवट काहीतरी घेऊन जायचं, हे बरं दिसत नाही, कुमुद. 'हो' लिहावं तर तयारी नाही. 'नाही' लिहावं तर ते खोटं."

कुमुदनं पत्राची घडी घातली आणि ते माझ्या हातात न देता स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं.

"उद्या सकाळची बस," ती म्हणाली. "कॅमेऱ्याचं तिकाटणं मी धरते. तुमच्या हातात दिलं तर तुम्ही त्याचंही कार्ड कराल."

मिरजेत मिस्त्रींच्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत मी परत फिरायची तीन कारणं शोधली होती. पैकी एक, बॅटरी, खरंही होतं. कुमुदनं एकही ऐकून घेतलं नाही.

मिस्त्री ओट्यावर बसून भोपळ्याला पॉलिश-कागद मारत होते. सत्तरी ओलांडलेली, अंगात बनियन आणि चौकड्याची लुंगी, दाढीत लाकडाचा भुसा. मला बघून ते उठले नाहीत. डोळे बारीक करून म्हणाले, "या की साहेब. पत्राचं उत्तर हातानंच पोच करायला आलाय काय?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"जरा मोठ्यानं. आणि या बाजूनं." त्यांनी डाव्या कानाकडे बोट दाखवलं. "वैनी, बसा. हे लाजतात अजून?"

"आता तर जास्तच," कुमुद म्हणाली.

आतल्या खोलीत एक नवा तंबोरा तयार होता. रंग झालेला, तारा चढवलेल्या, फक्त जवारी काढायची राहिलेली. मी तिकाटणं लावलं. लाल ठिपका लागला आणि मिस्त्रींनी तारा छेडल्या.

एक मिनिट झालं असेल नसेल, ते थांबले. "साहेब, तुमच्या यंत्रात काय फिरतंय?"

"कुठे काय?"

"डाव्या कानाला ऐकू येतंय. घुर्र... थांबतंय... परत घुर्र."

मी चित्रण मागे नेऊन लावलं. समोर हात हलला की माझा कॅमेरा नजर शोधत भिंगं मागे-पुढे करत होता आणि त्याचा आवाज त्याच्याच माइकमध्ये उतरत होता. तंबोरा लांब कुठेतरी आणि हे घुरघुरणं कानाशी.

मिस्त्रींनी पुरतं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "तंबोऱ्यापेक्षा याचीच जवारी जास्त खुललीय."

कुमुद मोकळेपणानं हसली. मला हसू येईना. "मिस्त्री, म्हणूनच मी आलो नव्हतो," मी म्हणालो. "याच्यानं होणार नाही. दुसरा कॅमेरा घेतो. सगळा विचार करून झालाय, आता फक्त एकाचं नक्की करायचं. मग येतो."

"किती दिवसांनी?"

"महिनाभरात. फार तर दोन. दुकानदार म्हणालाय, नवीन मॉडेल येतंय."

मिस्त्रींनी कानस खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "पत्र लिहिलं तेव्हा हा उजवा कान निम्मा ऐकत होता. उन्हाळ्यात तो पार गेला. मला वाटायचं, साहेब आज लिहितील, उद्या लिहितील. आता डावा राहिलाय. हा किती महिने थांबणार, ते तुमच्या त्या दुकानदाराला विचारून सांगता काय?"

मी कॅमेऱ्याकडे वळलो, कारण तोंड लपवायला तेवढीच जागा होती. त्याच्या कडेला एक छोटी कळ होती. मी ती सरकवली आणि त्याची आपोआप नजर शोधायची खोड बंद केली. घुरघुर थांबली. आता नजर मला हातानं जुळवावी लागणार होती, पोथीसाठी जुळवायचो तशी.

"चला," मी म्हणालो. "लावा."

तारा सैल करायच्या. घोडी सरकवून बाहेर काढायची. कानशीचे चार-सहा हात द्यायचे, बोटानं चाचपायचं, परत जागेवर बसवून तारा सुरात आणायच्या. मग छेडून ऐकायचं. ऐकून मिस्त्री म्हणत, "नाही, अजून." की पुन्हा तारा सैल. पहिल्या फेरीतलं "नाही, अजून" म्हणून झालं आणि कॅमेरा टक् करून बंद पडला.

"थांबला," मी ओशाळून म्हणालो. "बारा मिनिटं झाली."

"मग चांगलंय की. एका फेरीला मलाही तेवढंच लागतं." ते पाठ ताठ करत म्हणाले. "शहाणं यंत्र आहे. मालकापेक्षा."

सात फेऱ्या झाल्या. दर फेरीला कॅमेरा थांबे, मिस्त्री थांबत, दोनदा चहा आला. सातव्या फेरीत त्यांनी तारा छेडल्या आणि मला, इतकी वर्षं गाणं न कळलेल्या माणसाला, अंगावर काटा आला. खोलीत कुणीतरी दिवा लावावा तसा तो आवाज पसरला.

"बस," मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या घरच्या टीव्हीला कॅमेऱ्याची वायर लागत होती. ती आणायची कुमुदला आठवण होती, मला नव्हती. सगळे टीव्हीसमोर बसलो. चित्र आलं आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घोडी धूसर होती. ज्या घोडीसाठी एवढा खटाटोप केला, कानस जिथे पडत होती, तीच सगळी पुसट. चित्राच्या डाव्या कडेचा भोपळा मात्र लख्ख, त्यावर टेकलेला मिस्त्रींचा डावा हातही लख्ख, शिरा मोजाव्यात इतका.

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. पोथीचा फोटो घेताना मी नजर नेहमी डाव्या समासावर जुळवतो. पानाचा आकडा तिथे असतो आणि तो पुसट आला तर सगळी पोथी वाया. हात सवयीनं डावीकडे गेला होता. एकदा नव्हे, सातही वेळा.

"मिस्त्री, माफ करा," मी म्हणालो. "सगळं फुकट गेलं. मी पुसून टाकतो. पुन्हा—"

"थांबा."

"घोडी दिसतच नाही हो यात."

"घोडी राहू द्या. मागं घ्या. मी 'नाही, अजून' म्हणतो तिथं."

मी मागे घेतलं.

"आता पुढची फेरी. तिथंच."

मी ती लावली. ते टीव्हीच्या इतके जवळ सरकले की पडदा त्यांच्या डोक्याआड गेला.

"वैनी, हा हात काय करतोय?"

कुमुद पुढे झाली. "भोपळ्यावर ठेवलाय."

"ते दिसतंय. पण बघा, छेडतो, हात टेकतो, उचलतो, मग म्हणतो नाही. छेडतो, टेकतो, उचलतो, नाही. आता शेवटची लावा, साहेब."

सातव्या फेरीत हात भोपळ्यावर टेकला आणि टेकलेलाच राहिला. बोटं पसरली. मग आवाज आला, "बस."

मिस्त्री उठले आणि आत गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी तंबोरा पुढ्यात घेतला, डावा हात मुद्दाम पाठीमागे धरला आणि उजव्या हातानं छेडला. मान कलती करून डावा कान लावला. चेहऱ्यावर काहीच उमटेना. पुन्हा छेडला.

"नाही कळत," ते म्हणाले. ऐकून मी घाबरलो.

मग त्यांनी डावा हात पुढे आणून भोपळ्यावर ठेवला आणि छेडला. त्यांचे डोळे मिटले. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाले, "वैनी, त्या कोनाड्यात कापूस आहे. द्या जरा."

त्यांनी कापसाचे दोन बोळे केले आणि दोन्ही कानांत घट्ट बसवले. तंबोऱ्याची एक तार हलकेच उतरवून बिघडवली. हात भोपळ्यावर. छेडलं. मान हलवली. खुंटी पिळली, छेडलं, पुन्हा पिळली. कुमुद माझा दंड धरून उभी होती. शेवटी हाताची बोटं पसरली आणि ते मोठ्यानं, ऐकू न येणारा माणूस बोलतो तसे बोलले, "बस!"

सूर बरोबर होता की नाही ते मला विचारू नका. पण कुमुदला गाणं कळतं. तिनं डोळे पुसले.

मिस्त्रींनी बोळे काढले. बराच वेळ त्या हाताकडे उलटसुलट बघत बसले. "अब्बा म्हणायचे, कान दे, कान दे. मी कान दिला. त्यांचा हात कुठं होता ते बघितलंच नाही. आणि तेच मी इक्बालला सांगत बसलो." मग एकदम हसले. "त्या पोराच्या पाच घोड्या माझ्या माथी."

"म्हणजे आता..." मी अडखळलो.

"म्हणजे आता डावा कान खुशाल जाऊ दे. घाईनं जाऊ नये एवढंच." त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावर, कुणाच्या पाठीवर थोपटावं तसं, दोनदा थोपटलं. "इक्बाल महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतो. त्याला हे दाखवायचं, आणि तो करताना त्याचा हात उतरवून घ्यायचा. याच यंत्रावर. दुसरं आणलंत तर दारातून परत पाठवीन."

निघताना मी त्यांच्या दारामागे एक जाड तार टांगलेली पाहिली. खाली वाकडी केलेली, तिच्यात पत्रं ओवलेली. गिऱ्हाइकाचं उत्तर आलं की मिस्त्री आपल्या पत्राची नक्कल आणि त्याचं उत्तर, दोन्ही एकाखाली एक अडकवत. सर्वांत वर एक कागद मात्र जोडीविना एकटाच होता. त्यावर माझं नाव होतं.

"याची जोडी यायचीय," ते म्हणाले.

"पण मिस्त्री, मी स्वतःच आलो की आज."

"आलात ते झकास झालं. पण तारेत माणूस अडकवता येत नाही."

मिस्त्रींनी त्यानंतर सहा वर्षं काम केलं, शेवटची चार दोन्ही कान गेल्यावर. इक्बाल त्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही रविवारी आला आणि दीड वर्षानं पुण्याची खोली सोडून मिरजेला परत आला. पहिल्यांदा त्याच्या हातावर मिस्त्रींनी आपला हात ठेवला आणि दोघं मिळून एकदमच "बस" म्हणाले, ते मी उतरवून घ्यायला हवं होतं. मी बटण दाबायला विसरलो. थोरला भोपळा आणि त्याच्यावर एकावर एक ठेवलेले दोन हात बघत राहिलो. आमच्या दिवाणखान्यात आता एक तंबोरा आहे, त्याची जवारी इक्बालची. कुमुद रोज सकाळी तो छेडते.

नवीन कॅमेरा मी घेतला नाही. घ्यायला हरकत नव्हती. पण मला अकरा महिने खरी भीती कशाची वाटत होती ते त्या टीव्हीसमोर उमगलं होतं. उत्तम कॅमेरा हातात आला असता आणि तरीही चित्र बिघडलं असतं, तर दोष द्यायला कुणी उरलं नसतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मिरजेहून आल्याबरोबर मी टेबलाशी बसलो. खोक्यातून शेवटचं, त्रेचाळिसावं कार्ड काढलं. घ्यायचं जवळजवळ ठरलेल्या कॅमेऱ्याचं होतं ते. त्याच्यावरची माझी टिपणं एका रेघेनं कापली आणि खाली उरलेल्या जागेत लिहिलं: 'मिस्त्री, आपल्या पत्राचं उत्तर: हो. दुसऱ्या रविवारी येतो. कॅमेरा जुनाच आणतो. बेहेरे.' भोक आधीचंच होतं, तारेच्या मापाचं.

कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत कुमुद बरोबर आली. मी पाकीट अर्धं आत घालून थांबलो. 'आपल्या पत्राचं' लिहावं की 'आपल्या कृपापत्राचं', असा विचार मनात आला होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"एक शब्द—"

"अहो!"

मी पाकीट सोडलं. डावा हात पेटीवर टेकलेला होता. पत्र तळाशी पडलं ते तळहाताला कळलं.